कूस आणि साल

द्वारकेच्या मागे, रिक्षांच्या गॅरेजला लागून
आमचा कारखाना. पाटीवर अजून वडिलांचं नाव,
खाली फोन नंबर माझा.

लोक विचारतात, साग कसा ओळखायचा, ताई?
मी म्हणते, आधी उचला.
पेलतो, पण दंडाला कळतं काहीतरी उचललंय.
मग नखानं खरवडा.
बोटाला पुसट तेल लागेल, वास येईल
नव्या चपलेचा, थोडासा तपकिरीचा.
कडेला पांढरं दिसलं तर भाव पाडा.
ती झाडाची ताजी वर्षं, अजून मुरलेली नाहीत,
वाळवी आधी तिथंच जेवायला बसते.

रंध्याखाली साग ऐकतो.
शिसव वाद घालते,
आंबा हो हो म्हणतो आणि श्रावणात वाकतो,
बाभळीबद्दल माझ्या अंगठ्याला विचारा.
साग ऐकतो, पण फुकट नाही.
त्याच्या अंगात रेती असते, डोळ्यांना न दिसणारी.
दुपारपर्यंत पटाशीची धार खाऊन टाकतो.
गरीब दिसतो, वडील म्हणायचे,
पण मजुरी वसूल करून घेतो.

लोखंडाशी त्याचं जमतं. खिळा लवकर गंजत नाही.
तरी मी खिळा मारत नाही.
कूस आणि साल, बस.
कूस केसभर जाड ठेवायची,
लाकडी हातोडीचे तीन ठोके,
चौथा लागला तर तुमचं माप चुकलं.

ज्या वर्षी दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून पाणी गेलं
त्या वर्षी दिगंबर तांबटांच्या दुकानात
प्लायवूडचे खण पुरीसारखे फुगले,
नवं काउंटर अक्षरशः फावड्यानं भरलं.
वडिलांनी केलेलं टेबल मात्र
पाय वर करून तरंगत निघालं
आणि गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या खांबाला अडलं.
धुतलं, सावलीत महिनाभर ठेवलं.
खण एका बोटानं सरकला.
आत एक पावती. शाई गेली होती,
घडी तशीच.

हे सगळं मी मोतीराम भोयेला सांगत होते.
सुरगाण्याकडचा पोरगा, तीन महिने झाले कामाला लागून.
ढलप्या गोळा करता करता म्हणाला,
"आमच्याकडं ह्याचं कोवळं पान चोळलं
तर हात लाल होतो, ताई."
मला माहीत नव्हतं.
चाळीस वर्षं साग कापतेय,
त्याचं पान मी कधी हातात घेतलं नव्हतं.

"मग घराला दारं सागाचीच असतील तुमच्या?"
तो हसला.
कुडाला कारवी, दाराला बांबू.
"साग दारातून दिसतो ना. नंबर घातलेला."
प्रत्येक ओंडक्यावर असतो तो,
वनखात्याच्या हातोड्याचा ठसा.
मी पहिल्याच फेरीत तासून टाकते.

सोमवारी गावाहून आला तेव्हा
खिशात एक पान, घामानं मऊ झालेलं.
माझ्या तळहातावर चोळलं त्यानं.
घट्ट्यांवर आधी काहीच नाही,
मग हळूहळू, वीट भिजावी तसं लाल.
साबणानं गेलं नाही. रॉकेलनंही नाही.

त्या दिवशी गंगापूर रोडच्या एका डॉक्टरांची
दाराची चौकट जोडत होतो.
उभ्या खांबावर माझी चार बोटं उमटली.
रंध्याच्या एका हातात निघाली असती.
मोतीराम रंधा घेऊन उभाच होता.

मी म्हटलं, राहू दे,
ती बाजू भिंतीकडं जाईल.
आधी कूस बघ, जाड झालीय.
तो म्हणाला, "सालच थोडी वाढवली तर?"

वाढवलेली साल परत लहान होत नाही,
हे सांगायला तोंड उघडलं मी,
आणि गॅरेजवाल्यानं नेमका तेव्हाच
कुठल्यातरी रिक्षाचा हॉर्न तपासायला घेतला.